खातेदाराची सही

नवापूर
१९ ऑक्टोबर १९६४

शालूच्या बापास,

पत्र बघून दचकू नका. कोणी मेलेलं नाही आणि मी काही मागायला लिहीत नाही. पाच वर्षांत मागितलं नाही, आता कशाला मागेन. एक सही पाहिजे. ती झाली की हे पत्र चुलीत घाला.

मी बोलते तसं मला लिहिता येत नाही. मास्तरांनी चौथीपर्यंत शुद्धलेखन घोटून घेतलं ते हाताला चिकटलंय. म्हणून हे परक्या बाईचं पत्र वाटेल. वाटू द्या.

किनाऱ्यावरचं आपलं खळं सरकारजमा झालं. १० सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, कोतवाल कागद घेऊन आला. त्यात असं लिहिलंय की ही आठ गुंठे जागा सन १९५३ मध्ये नरहरी बाबू पागधरे यांना मासळी सुकवण्यासाठी दिली, खातेदाराने ती स्वतः वापरायची अशी अट होती, खातेदार गाव सोडून गेला, अट मोडली, सबब जागा काढून घेण्यात येत आहे. खाली मामलेदारसाहेबांची सही. हे सगळं दामू तांडेलने केलं. त्याच्या दोन होड्या झाल्या, त्याला खळं अपुरं पडतं, म्हणून त्याने अर्ज केला.

दुसऱ्याच आठवड्यात मी पालघरला गेले. गावातले म्हणाले, ज्या साहेबाने हुकूम काढला त्यालाच जाऊन सांग, तोच फिरवील. मला ते खरं वाटलं. मामलेदारसाहेबांच्या नावानेच मी दोन पानी अर्ज लिहून दिला. पंचवीस दिवसांनी तो परत आला. वर तांबड्या शाईत लिहिलं होतं, या कचेरीच्या हुकुमावरील अपील या कचेरीत चालत नाही, योग्य त्या वरिष्ठांकडे करावे. वरिष्ठ कोण ते लिहिलं नव्हतं.

कचेरीबाहेर शांतारामभाऊ म्हणून अर्ज लिहून देणारे बसतात. त्यांनी सांगितलं, "वहिनी, मामलेदाराच्या हुकुमावर अपील प्रांतसाहेबाकडं, डहाणूला. हुकूम हातात पडल्यापासून साठ दिवसांच्या आत. त्यातले तुमी इथंच किती घालवले बघा." मी परवा डहाणूला जाऊन आले. तिथल्या कारकुनाने कागद वाचला आणि विचारलं, "हुकूम कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हटलं, "आमच्या घरातल्यांच्या."

"मग अपिलावर सही त्यांची लागेल. तुम्ही कोण?"

"बायको."

"बायको खातेदार नाही," तो म्हणाला. वाईट बोलला नाही. कायदा आहे तो सांगितला.

तर आज एकोणचाळिसावा दिवस आहे. शांतारामभाऊंनी अपील टाइप करून दिलंय, ते सोबत आहे. जिथे सही करायची तिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे. दोन ठिकाणी. तुम्ही यायची गरज नाही. सही करून पोस्टात टाका, पाकिटावर तिकीट लावूनच पाठवते.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा वाळूसाठी काय. आता बोंबील सुरू झालाय. खळ्यावर काठ्या आणि दोऱ्या आहेत तोवर मी माल वाळवते आणि पावसात मासवणकडच्या गावांत भाताच्या बदल्यात देते. खळं गेलं तर ओला माल त्याच दिवशी बोईसरच्या बाजारात, मिळेल त्या भावाने. तिकडे आता कारखान्याच्या कामावरची परमुलखातली माणसं भरलीत. संध्याकाळ झाली की "फेंकने का माल है" म्हणतात आणि अर्ध्यात मागतात.

शालू सातवीत आहे. ती बरी आहे.

साखर


नवापूर
२ नोव्हेंबर १९६४

शालूच्या बापास,

चौदा दिवस वाट बघितली. पाकीट आलं नाही. म्हणून काल मीच वैतरण्याला आले होते. येसूबाईने तुम्हाला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगते, चोरून आले असं नको.

स्टेशनवरून रेतीच्या बंदरापर्यंत चालत आले. तुम्ही होडीवर होता, खाडीत पार पलीकडे. एका माणसाने बोटाने दाखवलं, पण इतक्या लांबून सगळे सारखेच दिसतात. त्यानेच तुमचं तिकडचं घर दाखवलं. येसूबाई दारात भांडी घासत होती.

"कोन पायजे?" तिने विचारलं.

तुमचं नाव मला घेता येईना. मी म्हटलं, "नवापूरचे."

ती हात पुसून उभी राहिली. मग म्हणाली, "बसा. च्या टाकते." मी नको म्हटलं. तिने टाकला. मी प्याले.

मी तिला अपिलाच्या नकलेचा कागद दिला. तिने तो उलटा धरला, तेव्हा मला कळलं तिला वाचता येत नाही. "काय हाय ह्यात?"

"खळ्याचं हाय. त्यांची सही लागते."

"कोनाचं खळं?"

"त्यांचं."

"ते तर बोलतात, नवापूरला माजं काय नाय."

"बरोबर बोलतात," मी म्हटलं. दुसरं काय सांगायचं.

मी आधी पाठवलेलं पाकीट तिने फळीवरून काढून दाखवलं. फोडलेलं होतं. पत्र त्यात नव्हतं, अपील होतं, घडी न मोडलेलं. तिने ते परत फळीवर ठेवलं. मग तिने विचारलं, "तुमी त्यांना न्यायला आल्या का?"

"नाय. सही न्यायला."

"मग करतील. मी करून घेते. दिवाळी झाली का पाठवते."

झोळीत पोरगी झोपली होती. मी तिचं नाव विचारलं नाही.

आज त्रेपन्न दिवस झाले. येसूबाईने शब्द दिला आहे म्हणून मी तिच्या भरवशावर परत आले, तुमच्या नाही. हे वाचून तिला बोलू नका.

साखर


नवापूर
१० नोव्हेंबर १९६४

शालूच्या बापास,

कागद शनिवारी पोचले. दोन्ही फुल्यांवर सही आहे. एका ठिकाणी शाईचा डाग पडलाय, पण शांतारामभाऊ म्हणाले चालतो.

काल, साठाव्या दिवशी, मी डहाणूला जाऊन अपील दाखल केलं. कारकुनाने तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला. 

सुनावणी १८ जानेवारीला अकरा वाजता आहे. त्या दिवशी खातेदार स्वतः हजर पाहिजे. बोलावणं पोस्टाने येईल. खातेदार आला नाही तर अपील काढून टाकतात. मी आधी लिहिलं होतं की यायची गरज नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

येसूबाईला सांगा, कागद पोचले.

साखर


नवापूर
२० जानेवारी १९६५

शालूच्या बापास,

परवा गाडीत तुम्ही बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. डहाणूपासून बोईसरपर्यंत एका बाकावर बसलो. तुम्ही एकच विचारलंत, शालू केवढी झाली. मी म्हटलं, तुमच्या खांद्याला लागेल. मग बोईसर आलं. जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

सुनावणीत कारकुनाने तलाठ्याकडची जबानी वाचून दाखवली. "नरहरी पागधरे पाच वर्षांपासून गावात राहत नाहीत. खळ्याशी व आमच्या घराशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही. सही, साखरबाई नरहरी पागधरे." तो वाचत होता तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत होता.

हो. ते मी लिहून दिलं. दामूने केलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते अर्धंच खरं. अर्ज दामूचा, पण नुसत्या अर्जावर जागा जात नाही. ऑगस्टमध्ये तलाठी चौकशीला आमच्या दारात आला. "खातेदार कुठे असतात, बाई?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हणू शकत होते, होडीवर गेलेत, पुढल्या महिन्यात येतील. गावात सगळ्यांच्या घरून तसंच सांगतात.

पण त्याच आठवड्यात सफाळ्याची एक कोळीण बोईसरच्या बाजारात भेटली होती. तिने सांगितलं की वैतरण्याला तुम्हाला मुलगी झाली, बारसं झालं, आणि नाव रखमा ठेवलं.

तुमच्या आईचं नाव. त्या दोन वर्षं अंथरुणात होत्या. त्यांना मी उठवलं, धुतलं, भरवलं. गेल्या तेव्हा तोंडात पाणी मी घातलं. तुम्ही दहाव्याला आलात आणि संध्याकाळच्या गाडीने गेलात. आणि नाव तिकडच्या पोरीला. तलाठी दारात उभा होता तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तो म्हणाला, बाई, जरा विचार करून सांगा. मी म्हटलं, लिवा. त्याने लिहिलं, मी सही केली. त्याने काय होईल हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दिवशी मी केलीच असती.

हे शालूला माहीत नाही. तुम्ही सांगायचं तर सांगा.

प्रांतसाहेबांनी तुम्हाला विचारलं, तुमचं म्हणणं काय. तुम्ही म्हणालात, "साहेब, मी नवापूरला परत ऱ्हायला येनार हाय. जागा सोता वापरीन." तसं तुम्ही लिहूनही दिलंत. तुम्ही हे साहेबांसाठी बोललात की खरं, ते मला कळलं नाही. मी विचारणारही नाही.

पुढच्या खोलीत उंदीर फार झाले होते. म्हणून ती मोकळी केली आहे. जाळी माळ्यावर टाकली.

साखर


नवापूर
९ एप्रिल १९६५

शालूच्या बापास,

माझ्या दारापासून तुमच्या झोपडीपर्यंत दोनशे पावलं असतील. तरी लिहिते, कारण किनाऱ्यावर बोललं की सगळा गाव गोळा होतो. शालू हे पत्र आणून देईल. तिला उलट निरोप सांगू नका. जे असेल ते लिहा.

अपील मंजूर झालं ते मला पोस्टातून कळलं नाही. हुकूम खातेदाराला जातो, तो वैतरण्याला गेला. मला दामू तांडेलने सांगितलं. तो रागात होता, तरी सांगताना हसत होता. "वयनी, जितलीस तू. बैलगाडी येते बघ." मी दारात जाऊन उभी राहिले. गाडीत तुम्ही होता, येसूबाई होती, पोरगी होती आणि पत्र्याचे आठ तुकडे होते. गाडी दारावरून पुढे गेली आणि खळ्यावर थांबली.

ते मी गिळलं. पुढची खोली पुन्हा जाळ्यांनी भरली. पण चार दिवसांनी शालू येऊन म्हणाली, "बाबा बोलतात, उद्यापासून काठ्या आमाला लागतील." तेव्हा मी खळ्यावर आले. काय बोलणं झालं ते मला जसंच्या तसं आठवतं. तुम्हालाही आठवू द्या.

मी म्हटलं, "जागा मोठी हाय. अर्ध्यात तुमी घाला, अर्ध्यात मी घालते."

तुम्ही दोरीला गाठ मारत होता. वर न बघता म्हणालात, "साहेबासमोर मी काय लिवून दिलं ते तू ऐकलंस ना? सोता वापरीन. दुसऱ्याला दिली तर अट मोडते."

"मी दुसरी?"

"तूच लिवून दिलंस. आमच्या घराशी संबंध नाय म्हनून. सही हाय तुजी."

येसूबाई पोरीला घेऊन झोपडीत गेली. मी माझ्या चार टोपल्या उचलल्या आणि घरी आले.

कायदा तुम्ही बरोबर सांगितला. मीच तुम्हाला तो दाखवला, फुल्या करून. पण त्या खळ्यावरच्या काठ्या मी आणलेल्या आहेत, डोक्यावरून, एकेक करून. तुम्ही गेलात तेव्हा तिथे सहा काठ्या होत्या आणि आज छत्तीस आहेत. त्या तुम्ही मोजा.

सध्या मी बोंबील घराच्या कौलांवर घालते. अर्धे कावळे नेतात.

साखर


नवापूर
२१ फेब्रुवारी १९६६

शालूच्या बापास,

निकालाची नक्कल सोबत आहे. सामनेवाल्यालाही कचेरीतून मिळते म्हणतात, पण माझ्याकडूनही असू द्या.

खळं प्रत्यक्ष मी वापरत आले म्हणून त्यावर माझं नाव लावा, असा अर्ज मी केला होता. मामलेदारसाहेबांनी तो नोव्हेंबरमध्ये फेटाळला. या वेळी मी कोणाला काही विचारलं नाही. बाराव्या दिवशी अपील डहाणूला नेलं, माझ्या सहीने. तोच कारकून होता. म्हणाला, "बाई, आता रस्ता पाठ झाला तुम्हाला."

रस्ता पाठ होऊन उपयोग झाला नाही. प्रांतसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी खुर्ची द्यायला सांगितली. मग लिहिलं की खातेदार हयात आहे, गावात राहतो आहे, अट पाळतो आहे, आणि नवरा-बायकोमधला तंटा महसुली अधिकाऱ्यासमोर चालत नाही. मला जायचं तर दिवाणी कोर्टात जावं. अपील नामंजूर. शांतारामभाऊ म्हणाले, "योग्य जागी गेलात वहिनी, पण ज्यासाठी गेलात ते त्यांच्याकडं नाय." त्यांनी दुसऱ्या लग्नाचा कायदाही सांगितला. मी म्हटलं, तो नको. तुम्ही आत गेलात तर खळ्याची अट पुन्हा मोडेल.

आता परवाचं. येसूबाईने मला दुपारी हाक मारली आणि म्हणाली, शेवटची ओळ मोकळी हाय, घाला. मी मागायला गेले नव्हते. मी दोन टोपल्या घातल्या. तुम्ही झोपेतून उठून आलात आणि सगळा माल ओढून वाळूत टाकलात. तो माझा होता, मी काही बोलले नाही. येसूबाईने तो गोळा केला, खाऱ्या पाण्यात धुतला आणि परत दोरीवर घालायला लागली. तेव्हा तुम्ही तिच्या कानशिलात मारलीत, रखमा कडेवर असताना.

मला तुम्ही कधी मारलं नाहीत. ते मी लोकांना सांगत असे, तुम्ही गेल्यावरसुद्धा. आता सांगणार नाही.

साखर


नवापूर
१४ डिसेंबर १९६६

श्री. नरहरी बाबू पागधरे, खातेदार
मु. रेती बंदर, वैतरणा

तुमचं नाव आता मला लिहिता येतं. कचेऱ्यांत इतक्या वेळा घ्यावं लागलं की जीभ अडत नाही.

तुम्ही शिमग्यानंतर आठ दिवसांसाठी म्हणून गेलात. नऊ महिने झाले. येसूबाईने दोन महिने वाट बघितली. पावसात झोपडीत पाणी शिरलं तेव्हा मी तिला म्हटलं, पोरीला घेऊन वर ये. ती पुढच्या खोलीत राहते. आम्ही मैत्रिणी वगैरे झालो नाही. ती माल धुते, मी वाळवते, बाजाराला एक दिवसाआड जातो. एवढंच.

ऑगस्टमध्ये दामूने पुन्हा अर्ज केला. तलाठी आला आणि खळ्यावर येसूबाई भेटली. त्याने विचारलं, तिने खरं ते सांगितलं. खातेदार नाय, आमी दोघी वापरतो. खाली अंगठा. मी शेजारी उभी होते आणि मी तिला अडवलं नाही. सप्टेंबरमध्ये मामलेदारसाहेबांनी तुम्हाला म्हणणं मांडायला बोलावलं होतं. नोटीस तुमच्या नावाने, नवापूरच्या पत्त्यावर आली होती. ती घ्यायला खातेदार इथे नव्हता.

१४ ऑक्टोबरला कोतवालाने पंचांसमोर तुमच्या झोपडीच्या दारावर हुकूम चिकटवला. प्रांतसाहेबांसमोर लिहून दिलेली अट मोडली, जागा सरकारजमा. घरी कोणी नसलं तर असा चिकटवलेला कागद तुमच्या हातात दिल्यासारखाच धरतात. तो सोबत पाठवला आहे. कडेने चिकटवायची खळ लागली आहे, जपून उघडा.

त्या संध्याकाळी येसूबाईने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं.

"आता काय करता येतं?"

"प्रांताकडं जाता येतं. मागं गेलो तसं."

"कोन जानार?"

"खातेदार."

ती भाकऱ्या थापत होती. एक भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "त्यांना कळवायचं?"

"कळवलं तर येतील. सही करतील. साहेबाला सांगतील, ऱ्हायला येतो. खळं परत त्यांचं."

"आनि नाय कळवलं तर?"

"साठ दिवस गेले का त्यांचं काय चालत नाय. जागा सरकारची. मग कोनीपन मागावी."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग बसा ना तुमी गप," ती म्हणाली.

मी गप्प बसले. कागद दारावरून काढला आणि डब्यात ठेवला. रोज सकाळी त्या दिवसाची तारीख मनात मोजत असे. हे मी रागाच्या भरात केलं नाही. तलाठ्यासमोर सही केली तो राग होता, त्याची मला पुढे लाज वाटली. या वेळी मला रोज नवा दिवस मिळत होता, रोज किनाऱ्यावर जाताना पोस्टाची पेटी दिसत होती, आणि रोज मी पत्र टाकलं नाही.

शालूला महिन्याभराने कळलं. तिने डबा उघडला. ती म्हणाली, "बाबांना सांगायला पायजे होतं. खळं त्यांच्या नावावर हाय." मी म्हटलं, तू सांग, तुला अक्षर येतं, पत्ता येतो. तिने दोनदा कागद घेतला आणि ठेवला. पाठवलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं तर जेवते. येसूबाईशी बोलते. तुम्ही तिच्या किती मनात आहात हे तुम्हाला कधी कळलं नाही, आणि मीही ते तुम्हाला कधी लिहिलं नाही. तेवढं माझ्याकडूनही राहिलं.

काठ्या उपटायचा हुकूम होता. त्या आम्ही दोघींनीच उपटल्या. कोतवाल मदतीला माणूस देत होता, आम्ही नको म्हटलं. छत्तीस काठ्या अंगणात पडल्या आहेत. तुमची झोपडी गेली. पत्रे येसूबाईने ठेवले आहेत.

आम्ही दोघींनी त्या जागेसाठी नवा अर्ज केला आहे. दोन नावांनी, एक सही, एक अंगठा. शांतारामभाऊंनी लिहायला घेतलं तेव्हा विचारलं, "तुमचं एकमेकींशी नातं काय लिहू?" येसूबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मासळी सुकवणाऱ्या, एवढंच लिहा. दामूचाही अर्ज आहे, आणि त्याच्या होड्या आता तीन आहेत. कारकून म्हणतो, त्याचंच पारडं जड आहे. जागा आम्हाला मिळेल असं मला वाटत नाही. तोवर बोंबील कौलांवर आहेत, आणि गेल्या आठवड्यात अवेळी पाऊस पडला त्यात दोन टोपल्या कुजल्या.

तुम्हाला पुढे काही करायचं असेल तर मामलेदाराच्या हुकुमावर अपील प्रांतसाहेबांकडे असतं, डहाणूला, स्टेशनवरून चालत जाता येतं. कचेरी अकराला उघडते. तो कारकून भला माणूस आहे, तो आधी दारावर चिकटवल्याची तारीख बघेल आणि मग बोटांवर मोजेल. साठावा दिवस काल होता. काल दिवसभर मी घरीच होते. संध्याकाळी डबा उघडला आणि हे लिहायला बसले.

साखरबाई पागधरे